सकाळी दहाला येतो म्हणाले होते

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. धागा रडका आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर सिंहगड रस्त्याला, जुन्या इमारतीत. खालच्या काकूंच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली, पोपडे पडायला लागले. गळती आमच्याकडून, खर्च आमचा, त्यात वाद नाही. ओळखीच्या प्लंबरने येऊन पाहिलं, म्हणाला नहाणी ट्रॅपचा, म्हणजे लादीखाली पाणी जायच्या तोंडाशी बसवलेल्या भांड्याचा, सांधा गेलाय. लादी उखडायची, ट्रॅप बदलायचा, नवा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) घालायचा, वॉटरप्रूफिंग, मग लादी. लादीवाला त्यानेच सुचवला, पण दर आम्ही दोघांशी वेगवेगळा ठरवला. दोघांना उचल दिली, लाद्या आणून जिन्यात रचल्या. सोमवारी सकाळी दहाला दोघं येणार होते.

त्यानंतर जे चाललंय ते तुम्हाला पाठ असेल. फोन वाजतो, उचलत नाहीत. संध्याकाळी उशिरा मेसेज येतो, "साइटवर अडकलो होतो मॅडम, उद्या सकाळी फिक्स." लादीवाला आला तर प्लंबर नसतो, प्लंबर आला तर लादीवाला गावाला. मध्येच एक दिवस फोडकाम मात्र उरकून गेले, त्यामुळे आता दुसऱ्या कोणाला बोलवायचीही सोय नाही. उखडलेलं काम दुसरा मिस्त्री सहसा हातात घेत नाही. घेतलंच तर आधी पहिल्याच्या कामाला नावं ठेवतो, मग दर सांगतो.

काम लांबलं म्हणून मी चिडलेली नाही. जुनं घर आहे, लांबणारच. पण 'आज जमत नाही' एवढं सकाळी आठला कळवायला काय जातं? मी हाफ डे टाकते, नवरा शिफ्ट बदलून घेतो, सासूबाई बेल वाजेल म्हणून पूजेला बसत नाहीत. आणि अकरा वाजता आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत असतो.

तुमच्याकडे काय करता? उचल किती देता? 'अमक्याला फोन करा, देवमाणूस आहे' असं कोणी सुचवणार असेल तर जरूर सुचवा, फक्त तो देवमाणूस फोन उचलतो का ते आधी सांगा.

नळकोंडाळे

मम, म्हणजे सहमत. आमचा सुतार ओट्याखालचं एक दार "जरा घासून आणतो" म्हणून घेऊन गेला. मधे दिवाळी येऊन गेली. तिथे सध्या पडदा लावलाय आणि तोच बरा दिसतो असं आता बायको म्हणते.

कोथरूडची_आजी

पूर्वी असं नव्हतं बाई. आमच्या वाड्यातला सुतार ठरलेला, त्याचे वडील आमच्या सासऱ्यांकडे काम करायचे. निरोप धाडला की संध्याकाळी दारात हजर.

तिखट_शेंगदाणा

आजी, रागावू नका, पण वाड्यातला सुतारही गायब व्हायचा. फक्त तेव्हा घरात कोणी ना कोणी कायम असायचं. तो सकाळी आला काय आणि चारला आला काय, दार उघडंच. माझ्या आईचं त्याला सांगणंच असायचं, "सवडीने ये रे." आता घरातले सगळे नोकरीवर, म्हणून वेळ कळवण्याला एवढी किंमत आली.

बाकी मूळ धाग्याशी सहमत. मी आयटीत आहे. माझंही काम लांबतं, पण ते रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगावं लागतं. कळवणं हा कामाचाच भाग आहे, त्यात उपकार कसले?

नळकोंडाळे

आयटीवाल्यांनी तारखा पाळण्यावर बोलावं! घोर कलियुग.

वायरमन_दादा

मी याच धंद्यातला, म्हणून लिहितो. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षं, मग साताऱ्यात मोटार वायंडिंग, आता पुण्यात घरगुती कामं. ताईंचा राग बरोबर आहे. आता आमचा दिवस कसा जातो ते ऐका.

नऊचं काम. फोनवर सांगितलेलं असतं, "दादा, फक्त एक स्विच बदलायचाय." बोर्ड उघडला की आत न्यूट्रल सैल, वायर जळून काळी, आणि मागे जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा. हात लावला की तुटतात. तसंच झाकून निघालो आणि रात्री ठिणगी पडली तर नाव माझं. मग वायर ओढायला घ्या. लागणारी प्लेट बघावी तर त्या कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं. जवळच्या दुकानात नाही, म्हणजे चला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. तिथे गाडी लावायला जागा मिळवणं हे वेगळंच काम. परत येतो तर सोसायटीचा वॉचमन सांगतो, दोन ते चार काम बंद, वरच्या मजल्यावरचे काका झोपतात. चारपर्यंत मी पार्किंगमध्ये बसून. अकराचं, एकचं आणि तीनचं गिऱ्हाईक तोवर मला शिव्या देत असतं, आणि देणारच.

फोन का उचलत नाही? शिडीवर असतो, हात बोर्डात असतात. उचललाच तर "हो हो, निघालोच" म्हणून ठेवतो, कारण खरं कारण सांगायला पाच मिनिटं लागतात आणि खाली शिडी धरणारा पोरगा कंटाळलेला असतो. प्लंबरचं तर विचारूच नका, हात सॉल्व्हंटने नाहीतर सिमेंटने माखलेले.

आणि सरळ नाही का म्हणत नाही, ते सांगतो. "या आठवड्यात जमणार नाही" म्हणालो की गिऱ्हाईक त्याच मिनिटाला दुसऱ्याला फोन लावतं आणि नंबरही त्याचाच सेव्ह करतं. "उद्या येतो" म्हणालो की चिडतं, कुरकुरतं, पण काम माझ्याकडे राहतं. हे खोटं आहे हे मलाही कळतं. पण नाही म्हणणाऱ्याच्या हातात काही पडत नाही.

वर फुकट बघायला जाणं आहेच. पेट्रोल माझं, तास माझा. गिझरला अर्थिंग पोचत नाहीये, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, हे सगळं नीट कागदावर लिहून द्यायचं. मग उत्तर येतं, "यांना विचारून कळवते." आठ दिवसांनी तोच कागद माझ्या दोस्ताच्या हातात असतो आणि तो मला फोन करून विचारतो, अरे हे अक्षर तुझंच ना?

तिसरा_मजला

दादा, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. पण मी दर पाडून मागितला नाही, उचल मागितली तेवढी दिली, कागद कोणाला फिरवला नाही. बाकीच्यांच्या वागण्याची शिक्षा मला का?

वायरमन_दादा

कारण ताई, सकाळी आठला माझ्याकडे सहा नंबर असतात आणि त्यातलं कोण कसं आहे हे मला माहीत नसतं. जुनं गिऱ्हाईक असेल तर माहीत असतं, त्याच्याकडे मी वेळेवर जातो. नव्याचा नंबर शेवटी लागतो. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, पण असं होतं.

मेसेज न टाकण्याला मात्र माझ्याकडे काही उत्तर नाही. तो टाकायलाच पाहिजे.

एकटी_पण_खमकी

एक मुद्दा राहिला. मी एकटी राहते, ठाण्याला. माझ्याकडे येणारा प्रत्येक मिस्त्री आधी विचारतो, "साहेब कधी असतात?" दर मी ठरवते, पैसे मी देते, तरी 'साहेबांशी बोलून घेतो'. आणि मी चिडून विचारलं की वेळ का पाळली नाही, तर "मॅडम लई टेन्शन घेता." हेच वाक्य माझ्या भावाला कधी ऐकावं लागलेलं नाही.

आता मी एक करते, त्याने बराच फरक पडला. कामाला बोलावतानाच फोटो पाठवते. गळणारा नळ, त्याचं मॉडेल, खालचा अँगल कॉक, भिंतीतलं डायव्हर्टर, सगळं. व्हिडिओ कॉलवर गळती दाखवते. मग तो स्पिंडल आणि वॉशर खिशात घालूनच येतो, दुकानाची फेरी वाचते, आणि अर्ध्या तासाचं काम खरंच अर्ध्या तासात होतं. फोटो पाहून "हे माझं काम नाही" असं घरबसल्या सांगणारेही निघाले. ते मला जास्त आवडले.

वायरमन_दादा

फोटोला शंभर मार्क. बोर्ड उघडा ठेवून काढू नका फक्त.

हिशेबनीस

पेशाने हिशेब तपासणारा असल्यामुळे जरा कोरडं लिहितो.

न्हाणीघराच्या कामात उचल मोठी देऊ नये, पण अगदीच न देणंही चुकीचं. पाइप, ट्रॅप, केमिकल हे सामान तुम्ही स्वतः आणून दिलंत तर उचल फक्त मजुरीची, दहा-पंधरा टक्के पुरे. 'विथ मटेरियल' दिलं असेल तर सामानाचं बिल बघून तेवढे पैसे द्यावेत. पुढचे पैसे तारखेवर न ठरवता कामाच्या टप्प्यावर ठरवा. फोडकाम आणि नवा ट्रॅप झाला की एक हप्ता. वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून बघायचं, आणि त्यानंतर दुसरा. लादी लागली की तिसरा. थोडी रक्कम लाद्यांच्या फटींत ग्राउट भरून आठवडाभर वापर होईपर्यंत राखून ठेवायची, पण ती कधी देणार हे आधीच सांगायचं आणि त्या दिवशी न मागता द्यायची. वायरमनदादांनी वर लिहिलं नाही, पण शेवटचे दोन-तीन हजार बुडवणारी घरं मी पाहिली आहेत, चांगल्या चांगल्या पगाराची.

पाणी भरण्याची चाचणी कोणी टाळू नका. बाहेर जाणारं तोंड बंद करायचं, दोन-तीन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि ४८ तास, जमल्यास ७२ तास तसंच ठेवायचं. त्या काळात खालच्या काकूंच्या छतावर नजर. ही चाचणी लादीच्या आधी करायची असते. इथेच बहुतेक कामं गंडतात, कारण लादीवाला आलेला असतो आणि त्याला परत पाठवायची कोणाची हिंमत होत नाही.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि त्याचं "ओके" घ्या. पैसे यूपीआयने. वेळ आलीच तर पैसे देऊन घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. खरं सांगायचं तर एकट्या मिस्त्रीवर वीस हजारांसाठी कोणी एवढं करत नाही आणि मी करा असंही म्हणणार नाही. कंपनीमार्फत मोठं काम केलं असेल, लाखांत पैसे अडकले असतील, तर जरूर करा.

पिंपळे_निलखकर

अवांतर विचारतो. आमची इमारत नवी, ताबा मिळून तीन वर्षं झालीत, आणि बाल्कनीच्या कोपऱ्यातून पाणी येतं. बिल्डरचा माणूस "बघून जातो" म्हणतो आणि कधी येत नाही. आम्हीच प्लंबर लावावा का?

हिशेबनीस

आधी नको. रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर तो बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी कळवा, ईमेलने. फोनवर सांगितलेलं धरू नका. स्वतः फोडकाम केलंत तर उद्या तो म्हणेल तुमच्याच माणसाने बिघडवलं.

जुन्या सोसायट्यांसाठी जाता जाता: गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी सोसायटीने बघायचं, न्हाणीघर-संडास-सिंकची गळती ज्याच्या घरातून आहे त्याने. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, असंच आहे.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत उलटी गोष्ट. प्लंबिंग, हीटिंग, वीज असल्या धंद्यात स्वतःचं दुकान काढायला साधारणपणे माइस्टर पदवी लागते, माणसं कमी, त्यामुळे वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. मिळते तीही 'सकाळी आठ ते बारा दरम्यान' अशी. पण तो येतो. बिलात येण्याजाण्याचे पैसे वेगळ्या ओळीत असतात, काम करो न करो. आणि त्या वेळात तुम्ही घरी नसलात तर फुकट फेरीचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. त्या बिलाच्या धाकाने मी इथे दूध आणायलाही खाली उतरत नाही.

तिखट_शेंगदाणा

म्हणजे तिकडे तो वेळ पाळतो याचं कारण तिथली शिस्त नाही, यायचे पैसे मिळतात हे आहे. इकडे व्हिजिटचे दोनशे रुपये म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या.

चिपळूणची_वहिनी

शहरवाल्यांचं वाचून झालं, आता आमचं ऐका.

आमच्याकडे जुनं घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती आणि कौलं. मे महिन्यात फुटकी कौलं बदलून, वासे-रिपा बघून, कोने नीट बसवून घ्यायचे, नाहीतर पावसात घरभर भांडी मांडावी लागतात. सगळ्या गावाला हे काम एकाच वेळी हवं असतं आणि कौलावर सराईतपणे चढणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात ती माणसं शेतकरी. मृगाचा पाऊस धरला की त्याला स्वतःचा भात पेरायचा असतो, पुढे लावणी. तो तुमच्या कौलावर का येईल? तसंच गणपतीच्या आधी रंगारी मिळत नाही, कारण सगळ्यांनाच गणपतीच्या आधी रंग हवा. शिमग्याला पालखी घरोघरी फिरत असताना कामाचं नावच काढायचं नाही. हे माहीत असेल तर मार्चमध्येच माणसाशी बोलून ठेवता येतं. आम्ही तसंच करतो आणि आमचं काम होतं.

आणि वेळ न पाळणारे फक्त कारागीर नव्हेत हो. आमच्या वाडीत निम्मी घरं बंद, मालक मुंबईला. मिस्त्रीला फोन येतो, "शनिवारी आम्ही येतोय, सकाळी लवकर ये." बिचारा शनिवारी सामान घेऊन एसटीने येतो. घराला कुलूप. मालकाचा फोन बंद. दुपारी कळतं की मुलाचा क्लास होता म्हणून येणं रद्द केलं. त्या दिवसाची हाजरी त्याला कोण देतं? पुढच्या खेपेला तो येत नाही आणि मग हेच लोक गावच्या ग्रुपवर लिहितात, 'कोकणात कामाला माणसं मिळत नाहीत.'

रंगाऱ्याची_लेक

वहिनींनी लिहिलं म्हणून लिहायचं धाडस करते. एरवी अशा धाग्यांवर मी फक्त वाचते, कारण 'हे लोक' या शब्दांत माझे बाबा येतात.

बाबा नाशिकला रंगकाम करतात. काम अंगावर घेतात, म्हणजे अख्ख्या घराचा एक दर, आणि सोबतच्या दोन पोरांना रोजची हाजरी बाबा देतात. सकाळी साडेआठला तिघं ड्रम, रोलर, शिडी घेऊन दारात उभे राहतात आणि दार उघडून ताई म्हणतात, "अय्या, आज नको हो, पाहुणे आलेत, तुम्हाला सांगायचंच राहिलं." इतकं हसून म्हणतात की रागावताही येत नाही. त्या दोन पोरांची हाजरी त्या दिवशी बाबांच्या खिशातून जाते, कारण पोरं तर आली होती. त्यांना "आज नको" म्हटलं तर उद्या ती दुसऱ्या मुकादमाकडे.

दुसरं, खोली रिकामी करून ठेवा म्हणून आधी सांगितलेलं असतं. गेल्यावर कपाट भरलेलं, पलंग तिथेच, टीव्ही लावलेला. सामान हलवण्यात सकाळ जाते आणि संध्याकाळी ऐकायला मिळतं, "एवढंच झालं?" पावसाळ्यात तर पुट्टीचा एक हात वाळायला वाट बघावी लागते, ओल्यावर दुसरा हात दिला की पुढे सगळं सोलून निघतं. त्या वेळात बाबा दुसऱ्या घरी प्रायमर मारायला जातात आणि पहिल्या घरचे समजतात, रंगारी पळाला. कळवायला हवं, हे खरं. बाबांना मोबाइलवर मराठी टाइप करायला वेळ लागतो, म्हणून ते टाळतात. आता मी त्यांना व्हॉइस मेसेज करायला शिकवलंय. "पुट्टी ओली आहे, परवा येतो" एवढंच बोलायचं. तेवढ्याने भांडणं खूप कमी झाली.

अजून एक सांगते, राग मानू नका. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार दिवस या घरी, सहा दिवस त्या घरी काम करणाऱ्या माणसाने तो कोणाकडे मागायचा? बाबांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं, तर "सही-बिहीच्या भानगडीत आम्ही पडत नाही." वर्षानुवर्षं त्यांच्या घराला रंग बाबांनीच दिलाय.

कोथरूडची_आजी

लेकी, वाचून वाईट वाटलं. बाबांना नमस्कार सांग.

बंगळूरस्थ

माझी अडचण निराळी. आई-बाबा सांगलीत एकटे, दोघं पंचाहत्तरीच्या पुढे. बाबा दिवसभर खुर्ची दाराशी घेऊन बसतात, प्लंबर येईल म्हणून. मी इथून फोन केला तर प्लंबर उचलत नाही, बाबांनी केला तर "काका, पाच मिनिटांत" म्हणतो. शेवटी मी त्याच्याशी सरळ ठरवलं: बघायला यायचे वेगळे पैसे, काम निघो न निघो, तो घरात शिरला की मी लगेच पाठवणार. वेळ त्याने सांगायची, मी नाही. त्याने "संध्याकाळी सहानंतर, तेव्हा मी मोकळा असतो" म्हटलं. गंमत म्हणजे तोपर्यंत आम्ही त्याला सकाळचाच आग्रह करत होतो. सहानंतर तो बरोबर येतो.

तिखट_शेंगदाणा

हे भारी आहे. वेळ आपण लादतो आणि तो मान डोलावतो. त्याला विचारत कोणीच नाही.

तिसरा_मजला

सगळ्यांचं वाचलं. व्हिजिटचे पैसे, फोटो, टप्प्याने हप्ते, सगळं पटलं, रंगाऱ्याच्या लेकीचं तर फारच. पण माझं न्हाणीघर अजून उखडलेलं आहे आणि प्लंबरचं म्हणणं लादीवाल्यामुळे अडलंय, लादीवाल्याचं म्हणणं प्लंबरमुळे. आता नक्की कोणावर ओरडू?

वायरमन_दादा

ताई, तुमचा घोळ इथेच आहे. दोघांना वेगवेगळं ठरवलंत. फोडकामाचा मलबा कोण उतरवणार, कोबा कोण घालणार, त्याला बिगारी कोण आणणार, हे कोणाच्याच वाट्याला नाही. प्लंबरला वाटतं कोबा लादीवाला घालेल, लादीवाल्याला वाटतं वॉटरप्रूफिंगवाला वेगळा येईल. मग दोघंही दुसऱ्या कामावर निघून जातात, कारण तिथे पैसे आज मिळतात. पत्र्याची बादली दोघांनी उचलायची ठरली की ती नळाखालीच राहते, तसं.

एकाला पुढे करा. प्लंबर ओळखीचा आहे ना? त्याला सांगा, ट्रॅपपासून पाणी भरून दाखवेपर्यंत सगळं तुझ्या अंगावर, बिगारी तू आण, मलबा तू उतरव, त्याचे जास्तीचे पैसे घे. लादीवाल्याला पाण्याची चाचणी झाल्याशिवाय बोलवूच नका. त्याची फेरी वाया गेली म्हणूनच तो गावाला गेला असणार.

हिशेबनीस

+१. आणि कोब्याला क्युरिंग लागतं हे धरून चाला. रोज पाणी मारायचं, साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) असेल तर १०. गोणीवर लिहिलेलं असतं, आणि बहुतेक पीपीसीच असतं. या दिवसांत कोणी आलं नाही म्हणून चिडू नका, त्यांनी येऊच नये. पाणी मारायचं कोणी, हे मात्र आधी ठरवा. ते बहुतेक तुम्हालाच करावं लागेल.

तिसरा_मजला

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तर तिसऱ्या दिवशी लादी लागेल असं धरून चालले होते.

असा मेसेज लिहिलाय, बघा बरं:

"नमस्कार दादा. ट्रॅप, कोबा, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी हे सगळं काम तुमच्याकडे द्यायचंय. बिगारी आणि मलबा तुमच्याकडे, त्याचे किती ते सांगा. ट्रॅप बसला की पहिला हप्ता, ७२ तास पाणी भरून खाली ओल नाही आली की दुसरा. तुम्हाला कुठल्या दिवशी आणि किती वाजता जमेल ते तुम्हीच सांगा. जमणार नसेल त्या दिवशी सकाळी आठपर्यंत व्हॉइस मेसेज करा. न कळवता गैरहजर राहिल्यास पैसे कापले जातील."

एकटी_पण_खमकी

शेवटचं वाक्य काढा. त्याने तो भडकेल आणि तुम्ही कापणारही नाही.

बंगळूरस्थ

+१. त्याऐवजी 'यायचे पैसे वेगळे देईन' लिहा. उखडलेलं काम परत बघायला त्याला एकदा यावंच लागणार.

रंगाऱ्याची_लेक

आणि हा मेसेज बोलून पण पाठवा. एवढं लांब वाचायचा कंटाळा येतो त्यांना, साइटवर तर नाहीच वाचत. लिहिलेला पुरावा म्हणून राहू दे.

वायरमन_दादा

रात्री आठ-साडेआठला पाठवा, तेव्हा आमचे हात धुतलेले असतात. सोबत उखडलेल्या जागेचा फोटो टाका, शेजारी मोजपट्टी धरून. ट्रॅपचं तोंड चार इंची की तीन इंची, हे त्याला दुकानात उभं असताना लागतं.